डब्यात आधी काय भरलं होतं?

वर्षावासाच्या दिवसांत आमच्या विहारात रोज संध्याकाळी धम्मग्रंथाचं वाचन होतं. वाचन संपलं की बायका लगेच उठत नाहीत. त्या वेळेतला अर्धा तास आम्ही आरोग्याच्या बोलण्यासाठी मागून घेतला आहे. यंदा श्रावणात एक ताई पदराखाली झाकून पालकाची जुडी घेऊन आली. कोवळी, हिरवीगार पानं. म्हणाली, "मॅडम, तुमचं पत्रक वाचूनच लावला. आता बाजारातून भाजी आणत नाही."

आम्ही सगळ्यांनी कौतुक केलं. मग सहज विचारलं, कशात लावला?

"इन्व्हर्टरच्या बॅटरीच्या खोक्यात. कबाड्याकडून नऊ खोकी आणली. जाड आहेत, दहा वर्षं काही होत नाही त्यांना."

पत्रक आमचंच होतं. तीन वर्षांपूर्वी परसबागेची मोहीम काढली तेव्हा आम्ही त्यात लिहिलं होतं: टाकाऊतून टिकाऊ. फुटके टब, जुने डबे, टायर, बॅटरीची खोकी, काहीही चालेल. आज हा लेख लिहितो आहोत तो मुख्यतः ते "काहीही चालेल" परत घेण्यासाठी. चूक आमची आहे आणि ती इथे, सगळ्यांसमोर मान्य करतो.

त्या ताईने पालक लावला होता तो धाकट्या मुलीसाठी. मुलगी चार वर्षांची, अंगणवाडीत तपासणी झाली तेव्हा रक्त कमी निघालं. हिरव्या भाज्या खाऊ घाला, असं सांगितलं गेलं. सांगणं बरोबरच होतं. महाराष्ट्रात सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या दर शंभर मुलांपैकी सुमारे 69 मुलांमध्ये रक्तक्षय आढळला, हे 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातलं आहे. म्हणजे आपल्या गल्लीत दहा मुलं खेळत असतील तर त्यातल्या सहा-सात जणांचं रक्त कमी असणार, असंच समजून चाला.

आता बॅटरीत काय असतं ते बघा. शिशाच्या पट्ट्या आणि गंधकाचं तेजाब. कबाडी पट्ट्या काढून विकतो, तेजाब कुठेतरी ओततो आणि रिकामं खोकं आपल्याला देतो. खोकं दिसायला स्वच्छ असतं. पण कोपऱ्यांत, खाचांत शिशाची राखाडी भुकटी चिकटून राहते. उरलेल्या तेजाबाने माती आंबट होते आणि आंबट मातीत शिसं पाण्यात जास्त विरघळतं. थोडं मुळांवाटे झाडात जातं. त्याहून जास्त जातं ते पानाला चिकटलेल्या मातीतून, धुळीतून आणि त्या मातीत खेळून तोंडात घातलेल्या बोटांतून.

शिसं शरीरात गेलं की रक्त तयार होण्याच्या कामातच अडथळा आणतं. लहान मुलांच्या मेंदूवर त्याचा परिणाम होतो. शिकणं, लक्ष लागणं, वागणं बिघडतं, आणि झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही, आणि मोठ्या माणसापेक्षा लहान मूल पोटातून चार ते पाचपट जास्त शिसं शोषून घेतं. त्यातही ज्या मुलाच्या अंगात लोह कमी आहे, ते आणखी जास्त शोषतं. म्हणजे रक्त कमी म्हणून पालक, आणि तो पालक शिशाच्या खोक्यात. आम्ही पत्रकातून करायला सांगितलं ते हे.

त्या मुलीच्या अंगात शिसं गेलं होतं की नाही, ते आम्हाला सांगता येणार नाही, कारण ती तपासणी झालेली नाही. साध्या रक्ततपासणीत शिसं दिसत नाही, वेगळी तपासणी लिहून घ्यावी लागते. म्हणून तुमच्या घरात किंवा शेजारी बॅटरी फोडण्याचं, कबाड वितळवण्याचं काम चालत असेल, मूल फिकट दिसत असेल, सारखं पोट दुखतं म्हणत असेल, कुंथत असेल, तर डॉक्टरांना ही गोष्ट आपणहून सांगा. डॉक्टर विचारतीलच असं नाही. आम्ही इतकी वर्षं वॉर्डात काढली. घरात कसलं काम चालतं हे विचारलेलं आम्ही फार थोड्या वेळा ऐकलं.

तर नियम एकच. ज्या डब्यात आधी काय भरलं होतं हे पक्कं माहीत नाही, त्यात खाण्याची कुठलीही वस्तू लावायची नाही. डबा कितीही मजबूत असो, कितीही स्वस्त असो, फुकट का मिळेना. त्यात फुलझाडंही नकोत, कारण पोरं त्याच मातीत हात घालतात.

आपल्याकडे सगळ्यात जास्त चालतात ते निळे प्लॅस्टिकचे ड्रम. आडवा कापला की दोन वाफे होतात. आता पुष्कळ जण ड्रमच्या बुडाशी त्रिकोणातला आकडा बघतात आणि 2 किंवा 5 असला की निश्चिंत होतात. तो आकडा बघावाच. 2, 4 आणि 5 ही त्यातल्या त्यात बरी प्लॅस्टिकं. 3 म्हणजे पीव्हीसी आणि 6 म्हणजे थर्माकोलच्या जातीचं, ती दोन्ही टाळावीत. पण आकडा फक्त प्लॅस्टिक कोणतं ते सांगतो. आत लोणच्याचा मसाला होता की रंगाचं रसायन, हे त्रिकोण सांगत नाही. एमआयडीसीतून निघालेला ड्रम कबाडी घासून, लेबल खरवडून विकतो. लेबल मुद्दाम खरवडलेलं दिसलं तर तो ड्रम तिथेच सोडून या. ड्रम घ्यायचाच असेल तर लोणचं, सरबत, खाण्याचं तेल भरणाऱ्यांकडून, लेबलसकट घ्या.

शेतीच्या औषधाच्या कॅनबद्दल तर वेगळं बोलायला हवं. आपल्या बस्तीतल्या कितीतरी बाया निंदणीला, कापूस वेचायला आसपासच्या गावांत जातात आणि येताना बांधावर पडलेला पाच लिटरचा कॅन घेऊन येतात. कुणी त्यात पाणी भरतं, कुणी सांबार लावतं. 2017 मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने अनेक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेच विष प्लॅस्टिकच्या अंगात मुरतं. साबणाने, राखेने, गरम पाण्याने धुऊन जात नाही. 1971 च्या कीटकनाशक नियमांतच म्हटलं आहे की असे डबे पुन्हा वापरले जाणार नाहीत असे फोडून वस्तीपासून दूर पुरावेत. लेबलवर टोकावर उभा असलेला एक चौकोन असतो, त्याचा खालचा अर्धा भाग लाल, पिवळा, निळा किंवा हिरवा. लाल सगळ्यात जहाल. हिरवा दिसला म्हणून खुश होऊ नका. हिरवा म्हणजे सगळ्यात कमी विषारी, बिनविषारी नव्हे. तथागतांनी उपासकाला जे पाच व्यापार वर्ज्य सांगितले त्यात विषाचा व्यापार आहे. आपण व्यापार करत नाही, तरी विषाचा डबा मात्र आपल्याच अंगणात येऊन पडतो.

आणि सलाईनच्या बाटल्या! हे पाहिलं की आमचं डोकं फिरतं. झाडाला थेंब-थेंब पाणी द्यायला सलाईनची बाटली आणि नळी उलटी टांगायची, ही युक्ती आता जिकडे तिकडे दिसते. युक्ती हुशारीची आहे, माणूस दोष देऊ शकत नाही. पण वापरलेली सलाईनची नळी ही दवाखान्यातला कचरा आहे. 2016 च्या जैववैद्यकीय कचऱ्याच्या नियमांप्रमाणे ती लाल पिशवीत जायला हवी, तिथून प्रक्रिया करणाऱ्या केंद्रात. ती कबाड्याकडे पोचलीच कशी? कुणीतरी लाल पिशवी विकली म्हणून पोचली. नळीच्या टोकाला कधी सुईही असते, आणि ती सुई हातात कुणाच्या घुसते? कचरा वेचणाऱ्या आपल्याच बाईच्या. थेंब-थेंब पाण्यासाठी पाण्याच्या बाटलीच्या झाकणाला दाभणाने भोक पाडा, काम तेच होतं.

फुटलेले सिमेंटचे पत्रे उभे रोवून वाफ्याचा काठ करायची पद्धतही आपल्याकडे आहे. जुन्या सिमेंटच्या पत्र्यांत ॲस्बेस्टॉस असतो. त्याचे तंतू भाजीत शिरत नाहीत, धोका वेगळा आहे. खुरपं, फावडं काठाला लागलं की पत्रा झिजतो, धूळ उडते, ती श्वासातून फुप्फुसात जाते आणि वीस, तीस, चाळीस वर्षांनी कर्करोग होऊन वर येते. सगळ्या प्रकारचा ॲस्बेस्टॉस कर्करोग करतो, यात आता वाद उरलेला नाही. तरी आपल्या देशात त्याच्या वापरावर पूर्ण बंदी नाही. छपरावर धड असलेला पत्रा लगेच काढा असं आम्ही म्हणत नाही, दुसरं छप्पर कोण देणार आहे? पण तो कापू नका, फोडू नका, त्याला भोकं पाडू नका. फुटलेले तुकडे उचलायचेच असतील तर आधी पाणी मारून ओले करा, जाड प्लॅस्टिकमध्ये गुंडाळा आणि झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

टायर नकोच. आतल्या घडीत पाणी साचतं आणि डेंग्यूच्या डासाला तेवढंच हवं असतं. त्याची अंडी कोरड्या टायरला चिकटून कित्येक महिने जिवंत राहतात. पहिल्या पावसाचं पाणी लागलं की फुटतात. कुंड्यांखालच्या ताटल्यांनाही हेच लागू. आठवड्याचा कोरडा दिवस ठरवला असेल तर त्या दिवशी ताटल्या नुसत्या ओतू नका, घासून पुसा. जुन्या खिडक्या-दारांच्या फळ्यांबद्दल एवढंच की त्यांवरचा जुना तेलरंग शिशाचा असू शकतो. घरगुती रंगात शिसं दहा लाख भागांत 90 भागांपेक्षा जास्त नसावं, हा नियम आपल्याकडे 2017 च्या नोव्हेंबरपासून लागू झाला, आणि तोडलेल्या घराचं दार त्याच्या कितीतरी आधीचं असतं. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरना डांबरी तेल पाजलेलं असतं, तेही नको. मालाच्या लाकडी फळ्या मिळाल्या तर शिक्का बघा: एचटी ही इंग्रजी अक्षरं असली तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे, एमबी असली तर विषारी वायू दिलेला आहे. पण खरं सांगायचं तर लाकूड आपल्याकडे वाळवीच खाऊन टाकते.

मग लावायचं कशात? आमचं उत्तर आहे, भट्टीची लाल वीट.

आम्ही विटेवर का आलो ते सांगतो. टिकाऊ म्हणजे काय, याचा विचार बंगलेवाल्याचा वेगळा आणि आपला वेगळा. त्याला वीस वर्षं एका जागी राहील असा सिमेंटचा वाफा बांधता येतो. आपल्यातल्या कितीतरी घरांना अजून पट्टे मिळालेले नाहीत. नाल्याचं रुंदीकरण निघालं, रस्ता निघाला की अंगण आधी जातं. ज्या जमिनीचा कागद आपल्या हातात नाही तिथे टिकाऊ वस्तू म्हणजे उचलून नेता येणारी वस्तू. सिमेंट न लावता नुसत्या एकावर एक रचलेल्या विटा उद्या उचलून दुसरीकडे नेता येतात. भाजलेली वीट कुजत नाही, गंजत नाही, तिच्यातून काही झिरपत नाही. दादासाहेब गायकवाडांनी 1959 मध्ये आणि पुन्हा 1964-65 मध्ये भूमिहीनांचा सत्याग्रह केला तो कसण्याच्या जमिनीसाठी. शहरात आलेल्या आपल्या पिढीकडे चार फूट अंगण आहे, आणि तेही नक्की नाही.

चार फूट लांब, अडीच फूट रुंद, एक फूट उंच असा वाफा करायला नऊ इंची विटा साधारण पासष्ट ते सत्तर लागतात. चार थर. प्रत्येक थराचा सांधा खालच्या विटेच्या मधोमध आला पाहिजे, म्हणजे भिंत ढासळत नाही. अर्धे तुकडे, डागी विटा चालतात. तोडलेल्या घराच्या विटा घेतल्या तर चुन्याचा रंग असलेल्या घ्या, तेलरंगाच्या नको. आत दहा-अकरा पिपे माती मावते. अडीच फुटांपेक्षा जास्त रुंद करू नका. हात पलीकडे पोचला पाहिजे, नाहीतर बाई वाफ्यात पाय देऊन माती दाबून टाकते. पालक, मेथी, सांबार यांना सहा ते आठ इंच माती पुरते, म्हणजे तीनच थर करून विटा वाचवता येतात. वांगं, टमाटर, वालाला मात्र फूटभर हवी.

कोराडी-खापरखेड्याच्या वीज केंद्रांमुळे आपल्याकडे राखेच्या विटाही मिळतात. घट्ट, न भुसभुशीत होणारी वीट असेल तर काठाला चालून जाईल. पण सुटी राख भरावात किंवा खतात कधीही टाकू नका, तिच्यात आर्सेनिक, पारा, शिसं अशा धातूंचे अंश असतात. चुलीची राख वेगळी, ती मूठभर चालते. फुटकी कवेलू सगळ्यात छान, बुडाशी पसरली की पाण्याचा निचरा होतो. आणि हा निचरा हवाच, कारण आपली काळी माती पावसात फुगून पाणी धरून बसते आणि मुळं सडतात. त्यासाठीच तर वाफा जमिनीपासून उंच करायचा. तीत निम्मं चांगलं कुजलेलं खत आणि थोडी रेती मिसळा.

विटा नाहीतच तर खाण्याच्या तेलाचा पंधरा किलोचा पिपा घ्या. वरची धार आत वाळवून ठोकून घ्या, बुडाला सहा-सात भोकं पाडा, दोन विटांवर ठेवा. दोन-तीन पावसाळ्यांत गंजेल. गंज विषारी नाही. धनुर्वात गंजामुळे होतो असं सगळे म्हणतात. तो होतो मातीतल्या जंतूमुळे. म्हणून मातीत काम करताना हात कापला तर पत्रा गंजका होता की नवा हे बघत बसू नका. जखम साबण-पाण्याने धुवा आणि इंजेक्शन कधी घेतलं होतं ते दवाखान्यात सांगा. चुंगडीत लावलं तर ज्यूटची एका हंगामात कुजते, प्लॅस्टिकची उन्हाने चिंध्या होऊन मातीत मिसळते. ती मिसळायच्या आधी बदला.

माती कुठून आणली, हेही डब्याइतकंच महत्त्वाचं. कबाड्याच्या दुकानामागची, नाल्यातला गाळ, मोठ्या रस्त्याच्या कडेची, ही माती नको. पेट्रोलमधलं शिसं 2000 मध्ये बंद झालं. पण जे पडलं ते कुजत नाही, मातीतच राहतं. भाजी तीन पाण्यांनी धुवा. आणि पालकावर लिंबू पिळा, नाहीतर त्यातलं लोह फारसं अंगी लागत नाही. लिंबू पिळूनही एकट्या पालकाने रक्त वाढत नाही. अंगणवाडीतून मिळालेलं लोहाचं औषध बंद करू नका.

विहारात हे सगळं सांगितलं तेव्हा एक आजी चिडल्या. म्हणाल्या, "आमच्या डोक्यावर नाला, बाजूला कचरा, पाणी एक दिवसाआड. तुम्ही डब्याचं काय घेऊन बसलात? गरिबाने किती बघायचं?" आम्हाला लगेच उत्तर देता आलं नाही. आजींचं म्हणणं चूक नाही. शहर जे फेकतं ते उचलायचं काम पिढ्यान्‌पिढ्या आपल्याच माथी मारलं गेलं, आणि मग त्याच फेकलेल्या वस्तूंतून संसार उभा करणं ही आपली हुशारी ठरली. आम्हीसुद्धा त्या हुशारीला 'टाकाऊतून टिकाऊ' असं गोड नाव देऊन पत्रक छापलं. दुसऱ्याने विष म्हणून बाहेर टाकलेलं भांडं आपल्या पोराच्या ताटापर्यंत आणणं, याला आम्ही आता काटकसर म्हणणार नाही.

पण सगळं घरच्या बाईनेच बघायचं, हेही आम्हाला मान्य नाही. 2015 पासून शेतकऱ्यांना मृदा आरोग्य पत्रिका मिळते. त्यात मातीच्या बारा गोष्टी तपासतात: नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह वगैरे. त्या बारांत शिसं नाही. आणि बस्तीच्या अंगणातली माती तर कुणीच तपासत नाही. आमची मागणी साधी आहे. जिथे बॅटरी फोडण्याचं, धातू वितळवण्याचं काम चालतं त्या बस्त्यांतली माती महापालिकेने शिशासाठी तपासावी, आणि तिथल्या पाच वर्षांखालच्या मुलांची रक्ततपासणी अंगणवाडीमार्फत मोफत व्हावी. अर्ज आम्ही लिहिला आहे. तुमच्या विहाराच्या नावाने हवा असेल तर नक्कल देऊ. सह्या मात्र तुम्हीच गोळा करायच्या.

धम्मचक्र प्रवर्तन दिनानंतर थंडी पडायला लागते, मेथी-पालकाला तोच काळ चांगला. त्या ताईच्या अंगणात विटांचे दोन वाफे रचून झाले आहेत. विटा अकरा घरांतून आल्या. कुणी चार दिल्या, कुणी दहा. खोक्यातली माती ओली करून पोत्यांत भरली, तोंड बांधलं. हातमोजे घालून नऊ खोकी विहाराच्या मागच्या खोलीत नेली आणि कुलूप लावलं. कबाडी ती परत घ्यायला तयार नाही. रिकाम्या खोक्याचं काय करू, म्हणतो. अधिकृत पुनर्वापर केंद्रवाल्यांना फोन केला, ते म्हणतात नऊ खोक्यांसाठी गाडी पाठवत नाही, शंभर जमवा. म्हणून विनंती आहे: ज्यांच्या घरी अशी खोकी असतील त्यांनी ती फेकू नका, जाळू नका, पुन्हा विकू नका. माती पोत्यात बांधा आणि आम्हाला कळवा. एक्क्याण्णव अजून हवी आहेत.